आधी यादी, मग पक्ष

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात विधानसभेची निवडणूक झाली. जागा १७५. काँग्रेसला मिळाल्या ८६. म्हणजे सगळ्यांत मोठा पक्ष, पण बहुमताला दोन कमी. एवढं वाचल्यावर वाटलं, आता पुढच्या ओळीत काँग्रेसच्या प्रधानमंडळाची यादी येईल. आली ती वेगळीच. १ एप्रिल १९३७ ला जे प्रधानमंडळ सत्तेवर आलं, त्यात काँग्रेसचा एकही माणूस नव्हता. मुख्य प्रधान होते आमच्या सातारा जिल्ह्यातले धनजीशा कूपर. सोबत जमनादास मेहता, सिद्धप्पा कांबळी आणि हुसेनअल्ली रहिमतुल्ला. जुलैत हे प्रधानमंडळ गेलं आणि १९ जुलैला बाळासाहेब खेर आले. ज्यांच्या मागे सभागृहात फारसं कोणी नव्हतं ते आधी राज्य करून गेले आणि ज्यांच्या मागे ८६ जण होते ते साडेतीन महिने बाहेर थांबले. असं का झालं, हे मला त्या पानावरून काही केल्या कळेना.

मी शाळेत गणित शिकवते. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेपुरता. आमच्या गावच्या वाचनालयात अभ्यासवर्ग सुरू झाला, प्रत्येकानं एक विषय घेऊन मांडायचा असं ठरलं, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या निवडणुका माझ्या वाट्याला आल्या. मला वाटलं, निवडणूक म्हणजे आकडेच. जागा, मतं, टक्के. जमेल. पण वही उघडून बसले आणि पहिल्याच आठवड्यात पक्षांच्या नावांनी डोकं भणभणून गेलं.

स्वराज्य पक्ष, प्रतिसहकार पक्ष, ब्राह्मणेतर पक्ष, नेमस्त, लोकशाही स्वराज्य पक्ष, स्वतंत्र मजूर पक्ष, मुस्लिम लीग, आणि या सगळ्यांच्या आतबाहेर करणारी काँग्रेस. बरं, माणसंही एका जागी थांबत नाहीत. बॅरिस्टर जयकर स्वराज्य पक्षाचे म्हणून लिहून ठेवावेत, तर दोन-तीन वर्षांत ते केळकर-मुंज्यांबरोबर प्रतिसहकारात. जमनादास मेहता स्वराज्य पक्षात, मग लोकशाही स्वराज्य पक्षात, आणि शेवटी कूपरांच्या प्रधानमंडळात. अण्णासाहेब लठ्ठे ब्राह्मणेतर चळवळीतले, शाहू महाराजांचे चरित्रकार, कोल्हापूरचे दिवाण राहिलेले. तेच १९३७ मध्ये खेरांच्या काँग्रेस प्रधानमंडळात अर्थमंत्री. पुण्याचे केशवराव जेधे १९२५ च्या सुमारास काँग्रेसवाल्या ब्राह्मण पुढाऱ्यांच्या विरोधात दिनकरराव जवळकरांसह पुणं दणाणून सोडत होते. १९३७ पर्यंत तेच महाराष्ट्रातल्या काँग्रेसचा खांब झाले होते. वहीत मी बाण काढत गेले. या पक्षातून त्या पक्षात. शेवटी पान बाणांनी काळं झालं आणि डोक्यात उजेड पडेना.

ते पान घेऊन मी वाचनालयाच्या ग्रंथपाल काकांकडे गेले. म्हटलं, "काका, ही सगळी माणसं एवढी का फिरतायत? काही तत्त्व होतं की नव्हतं?"

काकांनी पान पाहिलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "बाई, तुम्ही उमेदवारांपासून सुरुवात केलीत. मत कोणाला होतं ते बघा आधी. यादी बघा, मग पक्ष बघा."

मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मत सगळ्यांना नव्हतं एवढं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आकडा घेऊन आपल्या घरापर्यंत पोचणं वेगळं.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांखाली पहिली निवडणूक नोव्हेंबर १९२० मध्ये झाली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे मुंबई इलाख्यात खेड्यातल्या माणसाला मत हवं असेल तर त्याच्या जमिनीचा सारा निदान ३२ रुपये असावा लागे. रत्नागिरी, पंचमहाल अशा थोड्या जिल्ह्यांत तो १६ रुपये होता. शहरात घरभाडं आणि प्राप्तिकर यांवरून ठरे. हे वाचलं आणि मी कपाटातून आमच्या शेताचा सातबारा काढला. त्यात क्षेत्राच्या खाली 'आकारणी' म्हणून जो रकाना असतो, तिथे रुपये-पैसे लिहिलेले असतात. इतकी वर्षं मी त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आमच्या जिराईत जमिनीला एकरी रुपया-सव्वा रुपया. म्हणजे ३२ रुपये सारा भरायचा तर पंचवीस-तीस एकर पाहिजेत. जुने फेरफार लावून, वाटण्या होण्याआधीची सगळी जमीन एकत्र मोजली, तरी पणजोबांच्या नावावरचा आकार अकरा रुपयांच्या पुढे जाईना.

आमचं घर यादीबाहेर. आमच्या घराशेजारची दोन-तीन घरंही बाहेर. पाटलांचा वाडा आत, सावकार आत. बलुतेदार बाहेर. महारवाडा, मांगवाडा बाहेर. बायका तर आधी कायद्यानंच बाहेर. १९२१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलनं ठराव करून ती आडकाठी काढली, पण साऱ्याची अट तीच राहिली आणि जमीन बाईच्या नावावर असणार किती जणींच्या? गावाचा नकाशा माझ्या मनात होता, त्यातलं एकेक घर विझवत गेले. उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा शंभरातल्या जेमतेम तिघांना मत होतं, हा आकडा पुस्तकात वाचला तेव्हा नुसता आकडा होता. आता ती आमची आळी होती.

आणि नियमांच्या त्याच यादीत एक कलम सापडलं, ज्यानं मला जागेवरून उठवलं. सैन्यातून निवृत्त झालेल्या किंवा रीतसर सुट्टी मिळालेल्या शिपायालाही मत होतं. जमीन असो वा नसो. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून माणसं त्या लढाईवर गेली. अकरा रुपये सारा भरणाऱ्याला मत नाही, पण बसऱ्याच्या वाळवंटातून जिवंत परत आलेल्याला आहे. सरकारला कोणाचं ऋण मानायचं होतं आणि कोणाचं नाही, हे त्या दोन ओळींत स्वच्छ वाचता येत होतं.

इथून माझी उकल सुरू झाली. प्रत्येक पक्षासमोर मी आता एकच प्रश्न ठेवत गेले: याचा माणूस यादीत आहे का?

ब्राह्मणेतर पक्षाचं उदाहरण घ्या. १९२० च्या कौन्सिलात मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव होत्या. हे मला आधी फार चमत्कारिक वाटलं होतं. खेड्यापाड्यांत ज्यांची संख्या सगळ्यांत जास्त, त्यांना राखीव जागा कशाला? पण जमिनीच्या आणि शिक्षणाच्या चाळणीतून जी यादी उरते, आणि त्या यादीपुढे उभं राहायला जो उमेदवार इंग्रजी शिकलेला, कोर्टकचेरीत वावरलेला असावा लागतो, तिथे संख्येचा जोर चालेलच याचा भरवसा त्या समाजाच्या पुढाऱ्यांना नव्हता. म्हणून त्यांनी राखीव जागा मागितल्या. मग हे लोक कौन्सिलात गेले ते सरकारशी भांडायला गेले नाहीत, याचाही उलगडा झाला. तेव्हाच्या द्विदल राज्यपद्धतीत पोलीस, जमीन महसूल, तिजोरी ही खाती गव्हर्नरनं आपल्या हातात ठेवली होती आणि शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य अशी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवली होती. ज्याच्या समाजात शाळाच पोचलेली नाही, त्याला शिक्षणखातं ही अर्धी सत्ता वाटत नाही. भास्करराव जाधव त्याच दशकात शिक्षणमंत्री झाले. त्यांच्या आधी नेमस्त पक्षाचे रँग्लर परांजपे त्या खात्यावर होते आणि १९२३ चा मुंबईचा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्याच काळातला. प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला, आणि बोर्डाची निवडणूक ही कौन्सिलच्या निवडणुकीइतकीच चुरशीची का होत असे, हेही त्यातून कळलं. शाळा कुठल्या गावात निघणार आणि मास्तर कोण होणार, हे तिथे ठरत होतं.

उलट स्वराज्य पक्षाचं. गांधीजींच्या असहकारामुळे काँग्रेसनं १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. १९२३ च्या आरंभी चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला तो 'आत जाऊ, पण अडवू' या बाण्यानं. ज्यांच्या घरात शिक्षण दोन-तीन पिढ्या आधीच आलं होतं, त्यांना अर्धी सत्ता म्हणजे फसवणूक वाटणं साहजिक होतं. मग आत गेल्यावर त्यांच्यातच दोन तट पडले. १९२५ मध्ये मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाच्याच श्रीपाद बळवंत तांब्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद घेतलं आणि भडका उडाला. केळकर, जयकर, मुंजे यांचं म्हणणं, लोकमान्यांनी सांगितलेला प्रतिसहकार हाच खरा मार्ग. सरकार जेवढं देईल तेवढं घ्या, उरलेल्यासाठी भांडा. म्हणजे वहीतले माझे बाण बरेचसे एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: हातात आलेली अर्धीमुर्धी सत्ता वापरायची की फेकून द्यायची? आणि त्या प्रश्नाचं उत्तर माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरत होतं. मला आधी वाटलेला तत्त्वांचा गोंधळ कमी होत गेला.

यादीबाहेरच्यांसाठी ते कौन्सिल निरुपयोगी होतं का? हा प्रश्न मला सतावत राहिला, कारण साऱ्याच्या हिशेबानं आमचं घर बाहेरचंच. त्याचं उत्तर मला महाडमध्ये मिळालं. ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला: सरकारी पैशानं बांधलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांच्यापैकी फारच थोड्यांना मत होतं. महाडच्या नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. तिचे अध्यक्ष सुरबा टिपणीस. कागद दोन झाले, पण तळ्यावर कोणी जाऊ देईना. मग मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कौन्सिलातल्या त्या ठरावानं काय केलं? तळ्यावर जाणाऱ्यांच्या हातात त्यानं सरकारनं मान्य केलेला हक्क दिला. उरलेलं त्यांनी स्वतःच्या पायांनी केलं. आणि याच आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि पुढे सायमन कमिशनच्या वेळीही मताच्या हक्काबद्दल मांडणी केली होती. सायमनच्या वेळी तर प्रौढ मतदान, म्हणजे सगळ्यांना मत, हीच मागणी. यादी लहान ठेवून कोणाचं काय जातं हे त्यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कोणी हेरलेलं मला आढळलं नाही.

आता १९३७ कडे. १९३५ च्या कायद्यानं यादी लांब झाली. साऱ्याची अट ३२ रुपयांवरून ८ रुपयांवर आली. शाळेची परीक्षा पास झालेल्यांना मत मिळालं. बायकांना स्वतः लिहिता-वाचता येत असेल तर, किंवा नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर. सैनिकाच्या पेन्शनर विधवेला आणि आईलाही. ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार तीन कोटींच्या वर गेले, त्यांत बायका साठेक लाख. अकरा रुपयेवाले आमचे पणजोबा आता शिपाई म्हणूनही आत आणि शेतकरी म्हणूनही आत. आमच्यासारखी शेजारची घरंही आत. आणि एक कलम वाचून मी बराच वेळ पुढे वाचूच शकले नाही: मुंबई इलाख्यात अस्पृश्य जातींतल्या माणसाला साक्षरतेवर, किंवा तो गावकीचं हलकं समजलं जाणारं वतनी काम करत असेल तर त्यावर, मत मिळत होतं. ज्या महार वतनाच्या बेडीतून माणसं सुटावीत म्हणून आंबेडकरांनी १९२८ मध्ये कौन्सिलात विधेयक आणलं होतं, तीच बेडी आता मताचा दाखला झाली होती. हे अन्यायाचं होतं आणि त्याच वेळी उपयोगाचंही होतं. दोन्ही खरं.

यादी लांबली आणि पक्षांचे चेहरे बदलले. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन शहर सोडून पहिल्यांदा खेड्यात भरलं, खानदेशातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या सामानातून उभारलेली सजावट. हे वर्णन मी आधी कौतुकानं वाचलं होतं. आता तारीख पाहिली: निवडणूक दोन महिन्यांवर आलेली आणि आठ रुपयेवाला शेतकरी नुकताच यादीत आलेला. जेधे सत्याग्रहाच्या काळात काँग्रेसमध्ये आले होते, त्यामुळे खेड्यात उभं राहायला काँग्रेसकडे बहुजन समाजातला खणखणीत चेहरा होता. आमच्या जिल्ह्यात तेव्हा विद्यार्थी असलेले यशवंतराव चव्हाण आत्माराम पाटलांच्या प्रचारात फिरत होते. 'कृष्णाकाठ'मध्ये त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिलंय. तुरुंगातून सुटलेली शेतकऱ्यांची पोरं उमेदवारीसाठी पुढाऱ्यांशी वाद घालतायत आणि मग गावोगाव मतं मागतायत, हे चित्र १९२० च्या यादीवर उभंच राहिलं नसतं.

मात्र मतं मोजायची पद्धत कळेपर्यंत १९३७ चा निकाल मला वाचताच येत नव्हता. आणि इथे माझं गणित कामी आलं. सर्वसाधारण जागा ११४ होत्या. त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी आणि सात मराठ्यांसाठी राखीव. पुणे करारानुसार राखीव जागेला वेगळा मतदारसंघ नव्हता. एकाच मतदारसंघात दोन-तीन-चार जागा, त्यांतली एक राखीव, आणि मत सगळ्यांनी मिळून द्यायचं. राखीव जागेसाठी उमेदवार जास्त असतील तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चौघांची निवड करायची. एवढं समजलं. पण मुंबई इलाख्यात आणखी एक गोष्ट होती. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला टाकायची मुभा.

मी फळ्यावर मांडलं. समजा मतदारसंघात तीन जागा आणि हजार मतदार. एकूण मतं तीन हजार. त्यांतल्या तीनशे जणांनी ठरवून आपली तिन्ही मतं एकालाच दिली, तर त्याला नऊशे. उरलेले सातशे, त्यांची मतं एकवीसशे. त्यांनी तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकाला सातशेच. म्हणजे तीनशे जणांचा माणूस सगळ्यांत वर. हजारांत तीनशे असणारा समाज, तो नुसता एकजुटीनं उभा राहिला तर त्याला कोणी पाडू शकत नाही. मी खडू ठेवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हे आकडे कल्पनेतले, पण यातून एका पक्षाचं यश पूर्ण उलगडतं.

तो पक्ष म्हणजे स्वतंत्र मजूर पक्ष. आंबेडकरांनी तो ऑगस्ट १९३६ मध्ये काढला. निवडणूक सहा महिन्यांवर, पैसा जवळ नाही, समोर काँग्रेससारखी संघटना. पक्षानं १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. आंबेडकर स्वतः मुंबईत भायखळा-परळ भागातून उभे होते. काँग्रेसनं त्यांच्यासमोर उभं केलं पळवणकर बाळू यांना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. तोही अस्पृश्य समाजातलाच, आणि मुंबईच्या चाळींत त्याचं नाव घराघरात. मतं पडली आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५. हे आकडे मी आधीच वहीत उतरवले होते, पण आता ते वेगळे दिसले. तेरा हजार मतं म्हणजे तेरा हजार माणसं नव्हेत. एकाच माणसाची दोन-तीन मतं त्या बेरजेत असणार. कोणी आपली सगळी मतं एका नावावर टाकली असतील, कोणी वाटली असतील. गिरणी सुटल्यावर रांगेत उभं राहून आपली सगळी मतं एकाच नावाला देणारा कामगार मला त्या आकड्याच्या आत दिसू लागला.

त्या चौदांत सवर्ण समाजातलेही होते: अनंतराव चित्रे, श्यामराव परुळेकर आणि सुरबा टिपणीस. टिपणीस म्हणजे तेच, महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष. चित्रेही महाडच्या सत्याग्रहात होते. नाशिक भागातून दादासाहेब गायकवाड आले. १९२३ च्या ठरावापासून निघालेला धागा १९३७ च्या निकालात असा हाताशी आला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा काळ आपल्याला कळू शकतो.

आता माझा पहिला प्रश्न. काँग्रेस बाहेर का थांबली? तर गव्हर्नरला असलेले खास अधिकार तो रोजच्या कारभारात वापरणार नाही, असं आश्वासन काँग्रेसनं सगळ्याच प्रांतांत मागितलं होतं. ते मिळेपर्यंत प्रधानमंडळ बनवायचं नाही असं ठरलं. नवा कायदा १ एप्रिलपासून लागू होणार, प्रधानमंडळ तर हवंच. म्हणून गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपरांना बोलावलं. सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे जावंच लागणार होतं आणि तिथे बहुमत नव्हतं. पुढे व्हाइसरॉयच्या खुलाशानंतर काँग्रेसनं सत्ता घ्यायचं ठरवलं आणि कूपर पायउतार झाले. म्हणजे इथेही प्रश्न तोच निघाला, १९२३ चा आणि १९२५ चा: जेवढी सत्ता मिळते तेवढी वापरायची की नाही? चौदा वर्षांनी काँग्रेसनं 'वापरायची' असं उत्तर दिलं, पण अट घालून.

वापरली कशी, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतली कुळं खोताच्या दाराशी बांधलेली होती. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मोर्चानं मुंबईत कौन्सिल हॉलवर आले. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध गिरण्यांत संप झाला. त्यात आंबेडकरांचा पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. सभागृहात चौदा आणि रस्त्यावर हजारो. त्या हजारांतल्या कितीकांना मत होतं? थोड्यांना. पण ज्यांना होतं त्यांनी आपली सगळी मतं एकत्र टाकून आत माणसं पाठवली होती, म्हणून बाहेरच्यांच्या मोर्चाला आत बोलणारं कोणी होतं. खोती कायद्यानं जायला स्वातंत्र्यानंतरचं १९४९ साल उजाडावं लागलं. १९३९ च्या नोव्हेंबरात खेरांचं प्रधानमंडळ युद्धाच्या प्रश्नावर राजीनामा देऊन गेलं. पुढची प्रांतिक निवडणूक १९४६ ची, तीही याच अपुऱ्या यादीवर. सगळ्यांना मत मिळालं ते १९५१-५२ मध्ये.

अभ्यासवर्गात मी हे सगळं मांडलं तेव्हा एका मुलानं विचारलं, "बाई, मग तेव्हा खरा पक्ष कुठला चांगला होता?" मी त्याला सांगितलं, त्या प्रश्नापर्यंत मी अजून पोचलेले नाही, आणि मला घाईही नाही. त्या काळातल्या कुठल्याही निकालाचं पान समोर आलं, की मी आता तीन गोष्टी आधी शोधते. यादीत कोण होतं. एका माणसाच्या हातात किती मतं होती आणि ती कशी टाकता येत होती. आणि निवडून गेलेल्याच्या हातात कुठली खाती होती. या तीन गोष्टी कळल्या की पक्ष आपोआप आपल्या जागी बसतात. कोण का फिरला, कोण का अडला, कोण का सरकारशी जुळवून घेत होता, हे समजून घेता येतं, आणि त्यानंतर मग त्याच्याशी भांडताही येतं. त्याआधी भांडलो तर आपण आजच्या यादीवर उभं राहून कालच्या माणसांना जाब विचारतो, आणि आपली आजची यादी तर सगळ्यांना आत घेणारी आहे.

मला या अभ्यासातून लागलेली ओढ हीच. आमच्या शाळेतली मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांचं नाव यादीत येतं, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. वाटावं असं मला फार वाटतं. त्यांच्या घरच्या सातबाऱ्यावर आकारणीचा तो रकाना आहे. वर्गातल्या प्रत्येकाला मी तो काढून आणायला सांगणार आहे. ३२ रुपयांच्या यादीत तुझं घर होतं का, ८ रुपयांच्या होतं का, आणि नसेल तर तुझ्या पणजीला पहिलं मत कधी मिळालं, एवढं त्यांनी घरी विचारून यायचं. निवडणुकीचा धडा मी तिथून शिकवणार.